शिंकाळं खाली सरकतंय! (क्रोशाची लटकती कुंडी, मदत हवी)

उसवण (धागाकर्ती)

मंडळी, एक साधी वाटणारी गोष्ट चार दिवस डोकं खातेय, म्हणून धागा काढतेय.

टेबलावर कुंड्यांना जागा उरली नाही म्हणून एका छोट्या कुंडीसाठी क्रोशाचं शिंकाळं विणलं. कुंडी रोपवाटिकेतून येते तसली पातळ प्लास्टिकची. वरून १० सेंमी रुंद, तळाला ७, उंची ९. आत स्पायडर प्लांट. सुती दोरा, ३.५ मिमीची सुई. तळ गोल विणला, भिंत उभी केली, काठाला तीन साखळ्या जोडल्या आणि त्यांची वरची टोकं पडद्याच्या लाकडी कडीला बांधली. साखळ्या प्रत्येकी ६० सेंमी, टेपने मोजून.

टांगलं त्या दिवशी लोंबणाऱ्या पानांची टोकं खिडकीच्या कठड्यापासून चांगली चार बोटं वर होती. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर कठड्यावर टेकलेली. झाड चार दिवसांत एवढं वाढत नाही हे मलाही कळतं. साखळ्या पुन्हा मोजल्या: दोन ६८ सेंमी, तिसरी ६६. म्हणजे कुंडी खाली तर आलीच, वर तिरकीही झाली.

विणकाम उसवायला माझी हरकत नाही (नाव बघा), पण नक्की काय उसवू? पाणी घातल्यावर वजन केलं, शिंकाळ्यासकट ५४० ग्रॅम भरलं. एवढ्याशा वजनाला सुती दोरा दाद देतो?

कोवळं_ऊन

फोटो टाका की. आणि घरात बोका असेल तर त्याला आधी बाहेर काढा. शिंकं तुटलं तर फावणार त्याचंच.

उसवण

फोटो टाकला असता, पण त्यात कुंडीपेक्षा माझी लाजच जास्त दिसेल. बोका नाही. नवऱ्याला मात्र फार मजा येतेय, रोज सकाळी पट्टी घेऊन जातो.

मुकाखांब

दोऱ्याचा काही दोष नाही. दोष साखळीचा.

एक प्रयोग करा. सुईवर २० साखळ्या घाला, दोन्ही टोकं धरून हलकेच ओढा आणि जवळून बघा. सैल असताना प्रत्येक साखळी कशी डाळिंबाच्या दाण्यासारखी फुगीर असते. ओढली की तोच फास अरुंद आणि लांब होतो. दोरा तसूभरही ताणला जात नाही, फास फक्त आकार बदलतो. एका साखळीत तिच्या लांबीच्या कितीतरी पट दोरा गुंडाळलेला असतो, भार पडला की तो तिथल्या तिथे सरकून लांबी मोकळी करतो. शंभराच्या वर साखळ्यांनी प्रत्येकी पाऊण मिलिमीटर दिला की तुमचे ८ सेंमी भरले.

तिसरी ६६ वर का थांबली तेही सांगते: ती तुम्ही सगळ्यात आधी विणली असणार. पहिल्या साखळीला हात ताठ असतो, तिसरीपर्यंत सैलावतो.

उपाय: साखळी घालून झाली की परत फिरा आणि प्रत्येक साखळीत एक स्लिप स्टिच (सगळ्यात बुटका टाका) घालत या. फासाच्या पोटात दुसरा दोरा अडकतो आणि त्याला अरुंद व्हायला जागाच उरत नाही. मुका खांब (त्याहून थोडा उंच, पण घट्ट टाका) घालत परत आलात तरी चालतं, फक्त पट्टी रुंद होते. छोट्या कुंडीला स्लिप स्टिचचीच नाजूक दिसते.

उसवण

पहिलीच ६६ ची होती!! तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का?

तिपेडी

एवढा खटाटोप कशाला? साखळी सोडा आणि दोऱ्याची तिपेडी वेणी घाला. वेणीत फास नसतात, पेड तिरके का होईना पण बरेचसे सरळच जातात, त्यामुळे ताणायला फारसं काही उरतच नाही. नाहीतर पीळ घालून दोरी करा, दोरा दुहेरी करून पिळायचा, मध्यात धरून सोडायचा, तो आपोआप स्वतःभोवती गुंडाळतो. दहा मिनिटांचं काम.

मुकाखांब

मग ते क्रोशाचं शिंकाळं कसलं? अर्धं क्रोशाचं म्हणा.

आणि पिळाच्या दोरीचं एक आहे, भार पडला की ती उलगडायला बघते. एकाच दोरीवर टांगलेली कुंडी त्यामुळे गिरक्या घेत बसते. मी हे करून चुकले आहे. पाहुणे यायच्या वेळी कुंडी हमखास भिंतीकडे तोंड करून उभी.

तिपेडी

म्हणूनच तर वेणी म्हटलं. वेणी गिरकी घेत नाही. बाकी अर्धं तर अर्धं, कठड्यावर तर टेकत नाही. (हलके घ्या.)

भौमितिक

विणकामातलं मला ओ की ठो कळत नाही, बायकोने हा धागा दाखवला म्हणून आलो. पण गणित मजेशीर आहे.

५४० ग्रॅम तीन दोऱ्यांवर वाटले तर प्रत्येकी १८० येतात. दोऱ्या तिरक्या असल्याने ताण थोडा वाढतो खरा, पण किती? दोरी ६० सेंमी, काठाची त्रिज्या जेमतेम ५, म्हणजे उभ्या रेषेशी कोन ५ अंशांच्याही आत. वाढीव ताण एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. कोन ६० अंशांवर गेला तर ताण दुप्पट होतो, पण त्यासाठी कुंडीवर छत्रीसारख्या आडव्या दोऱ्या लागतील. तेव्हा इथे ताकद हा प्रश्नच नाही. १८० ग्रॅम कुठलाही धड दोरा पेलेल. प्रश्न लांबीचा आहे.

आता तिरकेपणाचं. ६० सेंमीच्या दोरीत २ सेंमी म्हणजे किस झाड की पत्ती असं वाटतं. पण तो फरक दोरीवर नाही, काठावर दिसतो, आणि काठ आहे साडेनऊ-दहा सेंमीचा. माझ्या हिशेबाने कुंडी सुमारे १५ अंशांनी कललेली असणार. टेपने बघू नका, ग्लासातल्या पाण्याने बघा.

उसवण

कोनमापक नाही घरात, पण पाणी घातलं की एकाच बाजूने ओघळतं, हे खरं. म्हणजे पाणी घालायच्या दिवशी तुमचं उत्तर मला फरशीवर मिळतं.

तीनऐवजी चार दोऱ्या लावल्या तर सुधारेल का?

भौमितिक

उलट बिघडेल. तिवई कधी डगमगत नाही, चार पायांचं टेबल डगमगतं. तीन दोऱ्या लांबीला थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी तिन्ही ताठ राहतात, कुंडी फक्त कलते. चारांत एक जरी लांब झाली तरी ती लोंबते आणि तिचा भार उरलेल्या तिघींवर. चार लावायच्या तर लांबी तंतोतंत हवी, आणि तुमच्या तीनच जुळत नाहीयेत.

हिरवी_खिडकी

एक मिनिट. पाणी कुंडी टांगलेली असतानाच घालता?

तसं करू नका. शिंकाळ्यातून कुंडी उचलून काढा, मोरीत किंवा सिंकमध्ये भरपूर पाणी घाला, १५-२० मिनिटं निथळू द्या, मग परत ठेवा. टांगून पाणी घातलं की दोन गोष्टी होतात. एकतर फरशी ओली होते या भीतीने आपण घोटभरच पाणी घालतो, ते वरच्या थरात मुरून जातं, खालची मुळं कोरडीच. नाहीतर लोक शिंकाळ्याच्या आत प्लास्टिकची पिशवी लावतात. मग पाणी तळाशी साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि आठवड्या-दोन आठवड्यांत झाड पिवळं पडून मऊ होतं. वरून माती कोरडी दिसते म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. छिद्रं असलेली कुंडी आत आणि विणकाम बाहेर, एवढंच ठेवा. विणकाम हा कपडा आहे, भांडं नाही.

दोरा ओला राहिला नाही तर टिकतोही जास्त. मातीची कुंडी असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिच्या अंगातून सतत ओल पाझरते आणि सुती विणकाम आतून दमट राहतं. थोड्या दिवसांत काळे ठिपके, मग वास. मातीच्या कुंडीला मी सुती दोरा वापरतच नाही.

आणखी एक, शिंकाळं किती उंचावर टांगलंय? लोक हौसेने छताला लावतात. खिडकीच्या वरच्या चौकटीपेक्षा कुंडी वर गेली की पानांना आकाशच दिसत नाही. खोली आपल्याला लख्ख वाटते, झाड मात्र अंधारात. कुंडीच्या जागी डोळे ठेवून बघा, आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे.

कोवळं_ऊन

'विणकाम हा कपडा आहे, भांडं नाही' हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो. वाचनखूण साठवली.

नवी_सुई

मी अगदीच नवीन आहे, राग मानू नका. एका व्हिडिओवर बघून असलंच शिंकाळं करायला घेतलं. त्यात 'डबल क्रोशे' म्हणत होते म्हणून खांब (मुक्या खांबाहून उंच टाके) घातले. माझं शिंकाळं उंचीला त्यांच्या दुप्पट झालं आणि भोकं अशी की कुंडीची छिद्रंही बाहेरून मोजता येतात. कुठे चुकलं?

मुकाखांब

राग कसला! ह्या खड्ड्यात आम्ही सगळ्या पडून आलोय. तुमचा व्हिडिओ इंग्लंडच्या पद्धतीचा असणार. अमेरिकन 'डबल' म्हणजे आपला खांब. ब्रिटिश 'डबल' म्हणजे आपला मुका खांब. नाव तेच, टाका वेगळा. ओळखायची सोपी खूण: लिहिलेल्या नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' आलं की नमुना अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही.

शिंकाळ्याला मुका खांबच बरा. घट्ट होतो, भोकं पडत नाहीत, भिंत उभी राहते. दोऱ्याच्या वेष्टनावर लिहिलेल्या सुईपेक्षा एक नंबर बारीक सुई घ्या.

नवी_सुई

अगं बाई, म्हणजे हे सगळं उसवायचं! उसवणताई, तुमचा तळ आणि भिंत बरी झालीय ना? ती कशी केलीत ते लिहाल का टाक्यांसकट?

उसवण

लिहिते. दोऱ्यांनी दगा दिला, पण वाटी खरंच छान बसलीय, तेवढं श्रेय मला द्या.

माझ्या हाताने १० सेंमीत साधारण १८ मुके खांब बसतात आणि उंचीला २० ओळी. तुमचा हात वेगळा असेल तर आधी छोटा चौकोन विणून मोजा. मी हे पहिल्यांदा टाळलं होतं, ती वाटी आता पेनं ठेवायला वापरते.

सुरुवात मॅजिक रिंगने (ओढून आवळता येणारा दोऱ्याचा फास), त्यात ६ मुके खांब. पुढे प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवायचे: १२, १८, २४, ३०, ३६, ४२. म्हणजे दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, तिसऱ्या फेरीत एकाआड एक, असं करत सातवीत पाच साधे आणि सहाव्यात दोन. ४२ टाक्यांचा गोल माझ्या हाताने ७.४ सेंमीचा होतो, कुंडीचा तळ ७ चा.

आठवी फेरी न वाढवता, टाक्याच्या माथ्यावरच्या दोन दोऱ्यांपैकी फक्त मागचा दोरा उचलून. त्याने तळ आणि भिंत यांच्यात नीट कंगोरा येतो, नाहीतर वाटीचं पेरू होतं. मग तीन फेऱ्या साध्या. बाराव्या फेरीत ६ वाढवून ४८. पुन्हा चार साध्या. सतराव्यात ६ वाढवून ५४. मग चार साध्या, एकवीस फेऱ्यांवर थांबायचं. भिंत ७ सेंमी होते, म्हणजे कुंडीची कड बाहेर राहते आणि बोटांनी धरून उचलता येते. कुंडी वर रुंद होत जाते म्हणून या दोन वाढी. त्या न घालता सरळ भिंत विणलीत तर कुंडी अर्ध्यातच अडकेल.

५४ ला ३ ने भागलं की १८. दर अठराव्या टाक्याला एक दोरी.

मुकाखांब

उत्तम नमुना. दोन भर घालते.

एक, वाढवलेला टाका दर फेरीत आधीच्या वाढीच्या डोक्यावर आला की गोल गोल राहत नाही, षटकोन दिसायला लागतो. एका फेरीआड वाढीची जागा दोन-तीन टाके पुढे ढकलायची. एकूण ६ वाढले की झालं, कुठे वाढले याला महत्त्व नाही.

दोन, फेऱ्या जोडत नसाल आणि गोगलगायीसारखं गोल गोल जात असाल तर प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्याला पिन लावा. आणि दोऱ्यांच्या जागा नजरेने ठरवू नका. मुका खांब फेरीगणिक किंचित एका बाजूला झुकतो, खालच्या वाढीच्या रेषेवर वर दोरी लावायला गेलात तर तीन जागा तीन तऱ्हेच्या येतात. शेवटच्या फेरीतले टाके मोजायचे, बस.

बोकोबा

बोक्याचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे दोन आहेत आणि लोंबणारी प्रत्येक गोष्ट ही आपल्याच मनोरंजनासाठी टांगली आहे अशी त्यांची समजूत आहे. स्पायडर प्लांट खाल्लं तर काही होतं का? मनी प्लांट टांगावं म्हणत होतो.

हिरवी_खिडकी

स्पायडर प्लांट मांजरांना विषारी नाही. फार खाल्लं तर ओकेल, तेवढंच. मनी प्लांट मात्र बोक्याच्या घरात नको. त्याच्या पानात-देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते आणि लाळ गळते. मण्यांच्या माळेसारखं स्ट्रिंग ऑफ पर्ल्स दिसायला गोड, पण तेही मांजरांना चालत नाही. पेपरोमिया लावा. बारीक, हलकं, लहान कुंडीत समाधानी.

कोवळं_ऊन

अवांतर: ही झाडं खोलीतली हवा शुद्ध करतात ना? नासाने सांगितलंय म्हणे.

भौमितिक

नासाचा तो अभ्यास १९८९ चा, बंदिस्त पेटीत केलेला. आपली खोली बंद पेटी नसते, हवा येत-जात असते. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वेअरिंग या दोघांनी अशा प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून हिशेब मांडला: घरात एरवी जी हवा खेळते तेवढंच काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील.

तिपेडी

म्हणजे १० चौरस मीटरच्या खोलीला कमीत कमी १०० शिंकाळी. उसवणताई, लागा कामाला.

उसवण

आधी एक तर सरळ टांगू दे!

पेडपीळ

उशिरा येतोय, पण दोऱ्याबद्दल कुणी नीट बोललेलं नाही म्हणून लिहितो. माझा बराच काळ दोरे-दोरखंडातच गेलाय.

सुती दोरा भिजला की कमकुवत होतो असा सर्रास समज आहे. उलटं आहे, कापूस ओला असताना कोरड्यापेक्षा मजबूत असतो. त्याचा शत्रू पाणी नाही, सतत राहणारी ओल. त्यात बुरशी धरते आणि ती धागा खाते. व्हिस्कोस रेयॉनचं मात्र खरंच तसं आहे, भिजला की त्याची ताकद बरीच घटते. दिसायला रेशमी म्हणून कुणी त्याचं शिंकाळं विणेल, नका विणू. ताग दिसतो झकास, पण कुजतो लवकर आणि सुईवर हात सोलवटून निघतात.

नायलॉन कुजत नाही, पण मुळातच ताणतो, आणि ओला झाला की आणखी. पॉलिएस्टर कमी ताणतो आणि उन्हातही नायलॉनपेक्षा बरा टिकतो. खिडकीत कायमचं टांगायचं तर माझं मत पॉलिएस्टरच्या दोरीला. अॅक्रिलिक लोकर कुजत नाही, रंगही छान मिळतात, पण लवचीक असते आणि एकदा जोरात वाफ लागली की कायमची मरगळते. टी-शर्टच्या पट्ट्यांचा जाड दोरा वजनदारही आणि ताणणाराही, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. त्याच्या टोपल्या करा, शिंकाळी नकोत.

कृत्रिम दोऱ्याची टोकं घसरून बाहेर येतात. पॉलिएस्टर-नायलॉनची टोकं ज्योतीजवळ नेऊन वितळवून बसवता येतात. सुती दोऱ्याला हे करू नका, तो वितळत नाही, पेटतो.

मुकाखांब

माहितीबद्दल धन्यवाद, पण पॉलिएस्टरची दोरी विणताना सुई चरचरते आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं. मी सुतीच वापरणार आणि वर्षा-दोन वर्षांनी नवं विणणार. तेवढंच निमित्त.

पेडपीळ

मनगट तुमचं, निर्णय तुमचा. सुतीच घेणार असाल तर विणण्याआधी लडी एकदा कोमट पाण्यात भिजवून वाळवा. आटायचा तेवढा आधीच आटेल, आणि रंग जायचा असेल तर बादलीत जाईल, भिंतीवर नाही.

आणि टांगण्याआधी ताणून घ्या. दोऱ्या विणून झाल्या, कडीला लावल्या, की शेवटच्या गाठी बांधू नका. कुंडीऐवजी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली शिंकाळ्यात ठेवा. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, तुमच्या ओल्या कुंडीच्या जवळजवळ दुप्पट. रात्रभर लोंबू द्या. जे काही ताणायचं असेल ते ताणून जाईल, मग लांब्या जुळवून निरगाठ मारा. आधी मारलीत तर नंतर सुटायची नाही. तोवर सुरगाठीवर ठेवा.

उसवण

ही बाटलीची युक्ती सोन्यासारखी आहे. शनिवारी करते आणि सांगते.

तिपेडी

धागा वर काढतेय. शनिवार होऊन गेला. काय झालं?

उसवण

झालं, झालं. तपशिलात सांगते, कारण एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती.

वाटी तीच ठेवली. जुन्या साखळ्या उसवल्या. (हा दोरा वाफेवर धरला तरी सरळ होत नाही, नागमोडीच राहिलाय.) नव्या दोऱ्यांसाठी ११० साखळ्या घातल्या आणि स्लिप स्टिच घालत परत आले. मुकाखांब म्हणाल्या तसा हात सैलावू नये म्हणून तिन्ही एका बैठकीत न विणता तीन दिवस रोज एक विणली. त्याचा काही उपयोग झाला की माझ्या मनाची समजूत, माहीत नाही, पण तिन्ही ६० च्या आसपासच आल्या.

काठाला जोडताना एक बदल केला. पहिल्या वेळी दोरी काठाच्या एकाच टाक्यात अडकवली होती आणि तो टाका चोचीसारखा वर ओढला गेला होता, कुंडीला तीन चोची. या वेळी दोरीचं शेपूट लांब ठेवलं, मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवून भिंतीतून आत-बाहेर टाके घालत तळापर्यंत नेलं, आणि तळाच्या खालून पलीकडे नेऊन पक्कं केलं. आता भार काठावर येतच नाही. कुंडी दोऱ्यांच्या पाळण्यात बसलीय आणि विणकाम नुसतं भोवती आहे. चोची गायब.

मग सुरगाठी मारून बाटली ठेवली. रात्री दहाला ६०, ६०, ६०. सकाळी आठला ६२, ६२, आणि तिसरी ६१. म्हणजे स्लिप स्टिचनेही थोडं दिलंच, पण पूर्वीचे ८ कुठे आणि हे २ कुठे. गाठी सोडून तिन्ही ६१ वर आणल्या आणि निरगाठी मारल्या.

अपेक्षित नव्हतं ते हे. कुंडी ठेवली, ग्लासातल्या पाण्याने तपासलं, अगदी सरळ. चार दिवसांनी पुन्हा किंचित कललेली! धावत टेप आणला, दोऱ्या तिन्ही ६१. मग लक्षात आलं, झाडच कललंय. स्पायडर प्लांटने सगळी नवी पानं खिडकीकडे टाकलीत, वजन एका बाजूला गेलं.

हिरवी_खिडकी

हे कुठल्याच दोरीने सुटणार नाही. आठवड्याला पाणी घालायला काढाल तेव्हा परत ठेवताना कुंडी पाव फेरा फिरवून ठेवा. दोऱ्यांना हातही लावू नका.

भौमितिक

पण मग चार आठवडे कुंडी चार दिशांना थोडी थोडी कलणार.

हिरवी_खिडकी

कलू द्या की. झाड आहे ते, फोटोची चौकट नाही.

बोकोबा

नोंद: पेपरोमिया टांगला. स्लिप स्टिचच्या दोऱ्या, पाच किलोच्या बोक्याने एकदा लोंबकळून पाहिलं. शिंकाळं शाबूत, भिंतीतला हुक बाहेर. प्लग न बसवता नुसताच स्क्रू पिळला होता, माझीच चूक. दोऱ्यांची बाटलीने परीक्षा घेतलीत तशी हुकाचीही घ्या, एवढंच सांगायला आलो.

नवी_सुई

मी उसवणताईंच्या नमुन्यावर घेतलंय. सतराव्या फेरीच्या शेवटी तीनदा मोजलं, ५३ च येतात. एक टाका कुठे गेला?

मुकाखांब

पिनेखाली बघा. पिन लावलेला पहिला टाका मोजताना आणि विणताना, दोन्ही वेळा सुटतो.

नवी_सुई

पिनेखालीच होता! झाले ५४.